मातीच्या ट्रॅकवरची शर्यत पाहून कमी खर्चात परत येणे : इंदूरहून निघणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बॅनरवर ‘सकाळी १० वाजता’ असे छापलेले असते आणि शर्यत पाहायला निघणारे बहुतेक लोक आपला सगळा बेत त्या एका वेळेवर आखतात. दहाला पोहोचायचे, चार-पाच तास पाहायचे, साडेपाचची बस धरायची आणि रात्री घरी जेवायचे, असा त्यांचा हिशेब असतो. प्रत्यक्षात मोठ्या मोटारसायकलींची फायनल पुष्कळदा साडेपाचच्या सुमारासच सुरू होते. मी स्वतः दोन वेळा फायनल न पाहता परतलो आहे. दोन्ही वेळा मैदानावर काहीच बिघडले नव्हते, चूक घरी बसून तिकीट काढतानाच झाली होती. त्यानंतर नात्यातल्या आणि इंदूरच्या रामबागेतल्या ओळखीच्या मुलांनी तीच चूक केलेली पाहिली, म्हणून हा क्रम लिहून काढला आहे.

येथे गृहीत धरलेला प्रवास असा आहे : शनिवारी रात्री इंदूर सोडायचे, रविवारचा पूर्ण दिवस मैदानावर काढायचा, रविवारी रात्री उशिराची बस किंवा रेल्वे धरायची आणि सोमवारी सकाळी घरी पोहोचायचे. अंतर एका बाजूने अडीचशे ते चारशे किलोमीटर, म्हणजे आग्रा रोडने सेंधव्यावरून धुळे-मालेगाव-नाशिकचा पट्टा, किंवा पश्चिमेकडे दाहोद-गोध्रा-वडोदऱ्याचा. मुक्कामासाठी खोली घ्यायची नाही. माणशी खर्चाची मर्यादा २,५०० रुपये.

टप्पा १ : शर्यत खरोखर आहे का आणि ती कोणती आहे, याची खात्री

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे, म्हणून लोक तो गाळतात आणि तेथेच पैसे बुडतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टरवर तारीख आणि महिना असतो, वर्ष नसते. मागच्या वर्षीचे पोस्टर या वर्षी पुन्हा फिरते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रथम तारखेचा वार जुळतो का ते कॅलेंडरमध्ये पाहावे. पोस्टरवर ‘रविवार, १५’ असेल आणि त्या महिन्याची १५ तारीख बुधवारी येत असेल, तर ते पोस्टर जुने आहे.

त्यानंतर शर्यतीला परवानगी आहे का ते पाहावे. भारतात मोटारक्रीडेची राष्ट्रीय संघटना म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, जिला सगळे एफएमएससीआय या आद्याक्षरांनी ओळखतात. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या तिच्या वार्षिक वेळापत्रकात असतात. लहान, स्थानिक शर्यत त्या यादीत सापडेलच असे नाही, परंतु आयोजकाने तिची परवानगी घेतलेली असेल, तर पोस्टरवर संघटनेचे चिन्ह असते आणि विचारल्यावर आयोजक परवान्याची प्रत दाखवू शकतो. त्याखेरीज मैदानासाठी स्थानिक प्रशासनाची आणि पोलिसांची परवानगी लागते.

परवानगीचा हा आग्रह कागदी सोपस्कार म्हणून मी धरत नाही. परवानगी असलेल्या शर्यतीत मोटारसायकलींची आधी तांत्रिक तपासणी होते, रायडरचे हेल्मेट आणि संरक्षक साहित्य तपासले जाते, वळणावळणांवर मार्शल, म्हणजे निशाणे दाखवणारे आणि पडलेल्या रायडरला मदत करणारे कार्यकर्ते, उभे असतात आणि रुग्णवाहिका मैदानावर हजर असते. ज्या शर्यतीत यांपैकी काहीही नाही, तेथे प्रेक्षक रायडरइतकाच धोक्यात असतो. अशा ठिकाणी फुकट प्रवेश असला तरी जाऊ नये.

तिसरी खात्री प्रकाराची करावी. ‘डर्ट ट्रॅक रेस’ या एका नावाखाली आपल्याकडे निदान तीन वेगळ्या गोष्टी चालतात. सुपरक्रॉसमध्ये मैदानात मुरूम आणि माती टाकून, जेसीबीने उंचवटे रचून लहान व दाट ट्रॅक तयार करतात. एका जागी उभे राहून त्याचा बहुतेक भाग दिसतो. मोटोक्रॉसचा ट्रॅक माळरानावर नैसर्गिक चढउतारांतून जातो, तो लांब असतो आणि एका जागेवरून त्याचा थोडाच भाग दिसतो. तिसरा प्रकार रॅलीचा. तिच्यात गाड्या एकेक करून, ठरावीक अंतराने सुटतात, एकमेकींना भिडत नाहीत. रॅलीला गेलेला माणूस सुपरक्रॉसची अपेक्षा ठेवून गेला असेल, तर दिवसभर धूळ खाऊन निराश होतो. पहिल्या प्रवासासाठी सुपरक्रॉस निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक : पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या सुपरक्रॉस लीगची दृश्ये डोक्यात ठेवून लहान गावात जाऊ नये. तेथे खुर्च्या आणि प्रकाशझोत होते, येथे दोरी, बांबू आणि मातीचा बांध असतो.

शेवटी हवामान. माळव्यातली आणि खानदेशातली काळी माती एका सरीनंतर चाकांना इतकी चिकटते की ट्रॅक वापरण्याजोगा राहत नाही. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी आयोजकाला फोन करून दोनच प्रश्न विचारावेत : ट्रॅक तयार आहे का, आणि शनिवारी रायडरांची नोंदणी व गाड्यांची तपासणी होणार आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त उपयोगी असते, कारण शर्यत रद्द होण्याची चिन्हे प्रथम तेथे दिसतात.

तपासा : वार जुळला, परवानगी कळली, प्रकार कळला, शुक्रवारचा फोन झाला. चारही गोष्टी झाल्याशिवाय रद्द न होणारे कोणतेही तिकीट काढू नये.

टप्पा २ : परतीचे तिकीट आधी, जाण्याचे नंतर

क्रम उलटा वाटेल, परंतु तो असाच ठेवावा. जाताना बस चुकली तर माणूस घरीच राहतो. परतीची चुकली तर अनोळखी गावात रात्र काढावी लागते आणि खर्चाची मर्यादा तेथेच मोडते. म्हणून परतीची बस रात्री दहाच्या आतली घेऊ नये, अकराच्या पुढची मिळाली तर उत्तम.

आग्रा रोडच्या बाजूने हे सहज जमते. पुणे, नाशिक किंवा शिर्डीहून संध्याकाळी निघणाऱ्या इंदूरच्या स्लीपर बस धुळ्याच्या परिसरातून रात्री उशिरा जातात आणि पहाटे इंदूरला पोहोचतात. येथे सर्वाधिक होणारी चूक चढण्याच्या जागेची आहे. ट्रॅव्हल्सची बस गावातल्या एसटी स्थानकावर येत नाही, ती बायपासवरच्या एखाद्या हॉटेलसमोर किंवा उड्डाणपुलाखाली दोन मिनिटे थांबते. तिकिटावर लिहिलेली जागा नकाशात शोधून ठेवावी आणि मैदानापासून तिचे अंतर मोजावे. रात्री अकराला लहान गावात रिक्षा मिळत नाही, म्हणून सकाळी ज्या रिक्षावाल्याने सोडले त्याच्याशीच रात्रीचे ठरवून त्याचा क्रमांक घ्यावा.

वडोदऱ्याच्या बाजूने रेल्वे सोयीची पडते. अवंतिका एक्स्प्रेस इंदूरहून संध्याकाळी निघून उज्जैन-रतलाममार्गे मध्यरात्रीनंतर वडोदऱ्याला पोहोचते आणि परतीची अवंतिका तेथे मध्यरात्रीच्या आसपास येते. नेमकी येथेच तारखेची चूक होते. रविवारी रात्री बाराला दहा मिनिटे कमी असताना सुटणारी गाडी रविवारची असते, तर बारा वाजून दहा मिनिटांनी सुटणारी गाडी सोमवारची. आरक्षण करताना आपल्या चढण्याच्या स्थानकावरची सुटण्याची वेळ पाहून तारीख निवडावी. माझ्या मावसभावाने एकदा रविवारचे तिकीट काढले आणि फलाटावर पोहोचल्यावर त्याला कळले की त्याची गाडी आदल्या रात्रीच गेली.

रेल्वेचे आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. स्थानिक शर्यतीची तारीख इतकी आधी पक्की होत नाही, त्यामुळे बहुधा तत्काळचाच आधार घ्यावा लागतो. तत्काळ आरक्षण गाडी सुरुवातीच्या स्थानकावरून सुटते त्याच्या आदल्या दिवशी उघडते : वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता. ऑनलाइन तत्काळसाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते, म्हणून ते काम शनिवारच्या घाईत न करता आठवडाभर आधी उरकावे. यादी तयार झाल्यावरही पूर्णपणे प्रतीक्षेत राहिलेले ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होते, आणि त्यावर ‘बसून जाऊ’ असे म्हणून गाडीत चढणे म्हणजे विनातिकीट प्रवास होय.

खानदेशात जायचे असेल, तर इंदूरकरांनी रेल्वेचा विचार सोडावा. खंडव्याकडची जुनी मीटरगेज बंद झाल्यापासून त्या बाजूला जायला बसच सरळ पडते.

इशारा : पैसे वाचतात म्हणून चार जणांनी एक कार किंवा दोन मोटारसायकली घेऊन जाण्याचा मोह होतो. दिवसभर उन्हात उभे राहिलेल्या माणसाने त्याच रात्री अडीचशे किलोमीटर गाडी चालवू नये. बिजासन घाट आणि मानपूर-धामनोददरम्यानचा गणपती घाट या मार्गावर आहेत आणि तेथल्या अपघातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. स्वतःचे वाहन न्यायचेच असेल, तर दुसरी रात्र मुक्काम करावा आणि तो खर्च आधीच धरावा.

टप्पा ३ : पैशांची विभागणी

माणशी २,५०० रुपयांची मी केलेली वाटणी अशी असते : दोन्ही बाजूंचा प्रवास १,४००, गावातली रिक्षा ३००, खाणे-पिणे ३५०, प्रवेशशुल्क २०० आणि हात न लावायचे २५०. आडव्या दिवशीच्या भाड्यात आणि शनिवार-रविवारच्या भाड्यात ट्रॅव्हल्स मोठा फरक करतात, म्हणून प्रवासाचा आकडा त्या दिवशीच पाहून पक्का करावा आणि तो वाढला तर बाकीचे आकडे ओढूनताणून न बसवता बेत पुढच्या फेरीवर ढकलावा. शेवटचे २५० रुपये बस चुकल्यास स्थानकावरच्या विश्रांतिगृहासाठी किंवा धर्मशाळेसाठी आहेत.

रोख रक्कम बरोबर असावी आणि ती सुट्ट्या नोटांची असावी. एका मैदानावर काही हजार माणसे जमली की मोबाइलचे नेटवर्क मंदावते, यूपीआयचे व्यवहार अडकतात आणि पाण्याच्या बाटलीसाठीही थांबून राहावे लागते. निदान ६०० रुपये दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत ठेवावेत.

टप्पा ४ : पिशवी

एकच पाठीवरची पिशवी घ्यावी, कारण सामान ठेवायला मैदानावर जागा नसते. तीत पुढील वस्तू असाव्यात : दोन लिटर पाणी, ओआरएसच्या दोन पुड्या, टोपी, पारदर्शक काचांचा साधा चश्मा, एन-९५ मास्क, फोमचे कानातले बोळे, हलकी चादर, टॉवेल, एक बदलायचा सदरा, पॉवर बँक आणि मोबाइलसाठी झिप असलेली प्लास्टिकची पिशवी. पायांत बंद बूट हवेत. चपलांमध्ये खडे जातात आणि गर्दीत पाय तुडवले जातात. हिवाळ्यात स्वेटर अवश्य घ्यावा, कारण दुपारी ऊन कितीही असले तरी पहाटे पाचला उघड्या बायपासवर उतरल्यावर थंडी बोचते.

यांपैकी कानातल्या बोळ्यांबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण लोक ते लाजेखातर वापरत नाहीत. कानांसाठी साधारण मानली जाणारी सुरक्षित मर्यादा म्हणजे ८५ डेसिबल आवाज आठ तास. त्यापुढे आवाज दर तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. शर्यतीच्या मोटारसायकली दहा-बारा एकदम सुटतात, वर ध्वनिक्षेपक असतो आणि हे सगळे दिवसभर चालते. बोळा बोटांत पिळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला बोळा काही उपयोगाचा नाही.

इशारा : दमा असलेल्यांनी आपला पंप खिशात ठेवावा, पिशवीत नव्हे. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नये.

टप्पा ५ : पहाटे उतरल्यापासून मैदानापर्यंत

बस पहाटे पाचच्या सुमारास सोडते आणि मैदान आठच्या आधी उघडत नाही. हे तीन तास नीट वापरले तर दिवस सुखाचा जातो. बायपासवर उतरल्यावर थेट मैदानाकडे न जाता गावातल्या एसटी स्थानकावर जावे. तेथे स्वच्छतागृह असते, चहा मिळतो आणि मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याची खरी माहिती रिक्षावाल्यांकडे असते. तोंड धुऊन, पोटभर न्याहारी करून घ्यावी. इंदूरच्या जिभेला पोहे सगळीकडे आपल्यासारखे मिळणार नाहीत, परंतु खानदेशात सकाळी गरम भजी-पाव किंवा मिसळ मिळते आणि वडोदऱ्यात सेवउसळ. मैदानावरच्या खाण्यावर धूळ बसलेली असते, म्हणून दुपारच्यासाठी येथूनच केळी आणि दशम्यांसारखे कोरडे काही बांधून घ्यावे.

मैदानावर आठ-साडेआठला पोहोचावे. ‘दहाची वेळ आहे तर इतक्या लवकर कशाला’ असे बरोबरचे म्हणतील. त्यांना सांगावे की प्रॅक्टिस आठ-नऊलाच सुरू होते, त्या वेळी दोरीजवळ गर्दी नसते, पॅडॉकमध्ये म्हणजे गाड्या लावलेल्या भागात रायडर बोलायला मोकळे असतात आणि ट्रॅक नुकताच भिजवलेला असल्याने धूळ सर्वांत कमी असते. मला विचाराल, तर संपूर्ण दिवसातला सर्वोत्तम तास हाच.

पॅडॉकमध्ये शिरण्याची परवानगी असेल तरच जावे. तेथे पेट्रोल उघडे असते, त्यामुळे विडी-सिगारेट पूर्ण वर्ज्य आहे. मोटारसायकलीला हात लावू नये, बसून फोटो काढण्याचा हट्ट धरू नये, आणि रायडर मेकॅनिकशी बोलत असताना मध्ये जाऊ नये. ‘दादा, आता वेळ आहे का?’ एवढे विचारले की बहुतेक जण आपुलकीने बोलतात.

तपासा : आत शिरताच रुग्णवाहिका कोठे उभी आहे, बाहेर पडण्याचे दुसरे दार कोणते आणि पाण्याची टाकी कोठे, या तीन गोष्टी पाहून बरोबरच्या सर्वांना दाखवाव्यात. हरवल्यास भेटण्याची जागा येथेच ठरवावी, कारण नंतर फोन लागणार नाही.

टप्पा ६ : उभे राहण्याची जागा

या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा आहे, आणि तो लोक मित्र जेथे उभे आहेत तेथे उभे राहून घेतात. जागा ठरवताना तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात : धोका, वारा, ऊन. दृश्य चौथे येते.

धोका. मोटोक्रॉसची ४५० सीसीची गाडी सुमारे ११० किलोची असते. वर रायडर धरला तर पावणेदोनशे किलोचे ते वजन हवेतून येते. सुतळीची दोरी आणि बांबू ते अडवू शकत नाहीत. दोरी फक्त आपण कोठे थांबावे ते सांगते. तीन जागा नेहमी टाळाव्यात. पहिली, सुरुवातीनंतरच्या पहिल्या वळणाची बाहेरची बाजू, कारण तेथे सगळ्या गाड्या एकदम येतात आणि तोल गेलेली गाडी बाहेरच फेकली जाते. दुसरी, मोठ्या जंपच्या, म्हणजे गाडी हवेत उडवणाऱ्या उंचवट्याच्या, उतरणीची सरळ पुढची आणि बाजूची जागा. रायडर हवेत तिरपा झाला तर तो ट्रॅकवर उतरेल याची खात्री नसते. तिसरी, वळणातून बाहेर पडून गाडी जेथे जोरात पळू लागते तिची मागची बाजू, कारण मागचे खाचांचे चाक तेथे खडे आणि ढेकळे वेगाने मागे उडवते. पहिल्या वर्षी मी हौसेने उतरणीच्या शेजारी, दोरीला टेकून उभा होतो. एक गाडी माझ्यापासून पाच-सहा हातांवर आडवी झाली आणि रायडरशिवाय घसरत दोरीखालून पलीकडे गेली. कोणाला लागले नाही. त्या दिवसापासून मी दोरीपासून निदान दहा पावले मागे राहतो आणि लहान मुले बरोबर असतील तर वीस.

चांगली जागा म्हणजे वळणाची आतली बाजू, किंवा ट्रॅकपासून दूर असलेला मातीचा उंचवटा, जेथून निदान दोन जंप आणि एक वळण एकत्र दिसते. आतल्या भागात प्रेक्षकांना मनाई असेल, तर ती पाळावी.

वारा. धुळीचा लोट वाऱ्याच्या दिशेने जातो, हे सर्वांना कळते, पण जागा निवडताना कोणी वारा पाहत नाही. चिमूटभर कोरडी माती खांद्याच्या उंचीवरून सोडून पाहावी. ती जिकडे सरकते त्याच्या उलट बाजूला उभे राहावे. हिवाळ्यात आपल्या भागात वारा बहुधा उत्तर किंवा ईशान्येकडून येतो, उन्हाळ्यात पश्चिमेकडून.

ऊन. सकाळी जागा निवडताना दुपारचा सूर्य कोठे असेल ते पाहावे, कारण फायनल दुपारनंतरच होते. हिवाळ्यात तो दुपारी चारला नैर्ऋत्येकडे कललेला असतो. पूर्वेच्या बाजूला उभा राहिलेला माणूस त्या वेळी थेट उन्हाकडे पाहत असतो आणि त्याला गाड्या काळ्या सावल्यांसारख्या दिसतात. वारा आणि ऊन दोन्हींचा मेळ घालायचा तर हिवाळ्यात मैदानाचा वायव्य कोपरा बहुधा सर्वांत बरा ठरतो : ऊन पाठीशी किंवा उजव्या खांद्यावरून येते आणि धूळ आपल्यापासून दूर जाते. फक्त तो कोपरा वर सांगितलेल्या तीन जागांपैकी नाही ना, ते आधी पाहावे. सर्वकाही जुळलेच नाही, तर ऊन सोसावे, धूळ सोसावी, धोका मात्र पत्करू नये.

टप्पा ७ : दिवसाचा क्रम आणि शर्यत वाचणे

साधारण क्रम असा असतो : प्रॅक्टिस, उद्घाटन, हीट (फायनलसाठी निवड करणाऱ्या प्राथमिक शर्यती), जेवणाची सुट्टी, फायनल, बक्षिसे. गट अनेक असतात. परदेशी बनावटीच्या गाड्यांचा गट, भारतीय गाड्यांचे अनुभवी आणि नवशिके असे गट, लहान मुलांचा गट, आणि पुष्कळ ठिकाणी त्या गावच्या रायडरांचा स्थानिक गट. एकच रायडर दोन गटांत उतरलेला असतो, त्याला मध्ये श्वास घ्यायला वेळ द्यावा लागतो. जेसीबी आणि पाण्याचा टँकर मध्ये ट्रॅक दुरुस्त करतात. प्रमुख पाहुणे उशिरा येतात. आणि मैदानावरची एकमेव रुग्णवाहिका एखाद्या जखमी रायडरला घेऊन गेली, तर ती परत येईपर्यंत शर्यत थांबवली जाते, आणि थांबवलीच पाहिजे. त्या वेळी शिट्ट्या मारणारे प्रेक्षक पाहून मला वाईट वाटते. बॅनरवरची वेळ घसरते ती या कारणांनी, आणि यांतले एकही कारण आपल्या हातात नसते. म्हणून छापील वेळेत तीन तास मिळवून आपला दिवस आखावा.

गटांचा आणि क्रमांकांचा तक्ता सूचनाफलकावर लागतो. त्याचा फोटो काढून घ्यावा. नवीन प्रेक्षक सर्व गाड्यांवर नजर ठेवायला जातो आणि दोन फेऱ्यांत गोंधळतो, कारण मागे पडलेल्या गाड्या पुढच्यांत मिसळतात. प्रत्येक गटातले तीन क्रमांक निवडावेत आणि तेवढेच पाहावेत. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर त्यांच्या एका फेरीची वेळ प्रॅक्टिसमध्येच मोजून ठेवली, तर फायनलमध्ये कोण थकतो आहे ते शेवटच्या दोन फेऱ्यांत स्पष्ट कळते.

सुरुवात चुकवू नये. रायडर लोखंडी गेटच्या मागे रांगेत उभे राहतात, १५ सेकंदांची पाटी दाखवली जाते, मग ५ सेकंदांची. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ५ ची पाटी दाखवल्यानंतर पाच ते दहा सेकंदांत केव्हाही गेट पडते, म्हणजे नेमका क्षण कोणालाच माहीत नसतो. ५ ची पाटी वर गेली की मोबाइल खाली ठेवून पाहावे. पुष्कळदा निम्मी शर्यत पहिल्या वळणावरच ठरते.

निशाणांचे अर्थ पाठ करून जावेत, म्हणजे समोर काय चालले आहे ते कळते. पिवळे हलवले जात असेल, तर पुढे गाडी पडली आहे, त्या भागात पुढच्या रायडरला ओलांडणे आणि जंप मारणे मना आहे. पांढऱ्यावर लाल फुली असेल, तर वैद्यकीय मदतनीस ट्रॅकवर आहेत. निळे ज्याला दाखवले, त्याने मागून एक फेरी पुढे असलेल्याला वाट द्यायची असते. लाल म्हणजे शर्यत थांबली, काळे म्हणजे त्या क्रमांकाच्या रायडरने बाहेर पडायचे, आणि चौकटीचे म्हणजे समाप्ती. पिवळ्या निशाणाखाली जंप मारून पुढे गेलेल्या रायडरला नंतर दंड होऊ शकतो, त्यामुळे पहिला आलेला दिसलेला रायडर बक्षिसात पहिला नसेल तर लगेच पक्षपाताचा आरोप करू नये.

इशारा : गाडी पडली की धावत ट्रॅकवर जाऊ नये. मदत करण्याची इच्छा चांगली असते, परंतु मागून येणाऱ्या रायडरला जंपच्या पलीकडचे काही दिसत नाही. ते काम मार्शलांचे आहे. शर्यत संपल्यावरही ध्वनिक्षेपकावरून सांगितल्याशिवाय ट्रॅक ओलांडू नये, कारण शेवटचे रायडर अजून फेरी पूर्ण करत असतात.

दुपारी प्रत्येक तासाला थोडे पाणी प्यावे. तहान लागेपर्यंत थांबू नये. जेवणाच्या सुट्टीत जागा धरून बसण्यापेक्षा अर्धा तास सावलीत आडवे व्हावे. तेवढ्या वेळात चांगली जागा गेली तरी हरकत नाही, संध्याकाळी पाय उभे राहायला तयार असणे जास्त महत्त्वाचे.

टप्पा ८ : परतणे

शेवटची फायनल संपताच सगळे मैदान एका दारावर लोटते. बक्षीससमारंभ संपेपर्यंत थांबावे. बस रात्री अकराची असल्याने घाई नसते आणि तेवढ्यात दार मोकळे होते. हिवाळ्यात पावणेसहा-सहाला अंधारू लागते, म्हणून मैदानातून बाहेर पडण्याचा रस्ता दिवसाच पाहून ठेवलेला असावा. सकाळच्या रिक्षावाल्याला सातच्या आत एकदा फोन करून रात्रीचे पक्के करावे. मग एसटी स्थानकावर जाऊन हात-पाय-तोंड धुवावे, सदरा बदलावा आणि गावातच साधे, गरम जेवण करावे. दिवसभर कोरडे खाऊन रात्री उपाशी बसमध्ये झोपलेला माणूस सोमवारी कामाला उभा राहत नाही.

बायपासवरच्या थांब्यावर निर्धारित वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचावे आणि उजेड असलेल्या हॉटेलपाशी थांबावे. बसचा क्रमांक ट्रॅव्हल्सकडून संदेशाने येतो. तो आला नसेल, तर तिकिटावरच्या क्रमांकावर फोन करून गाडी कोठे आहे आणि आपले चढण्याचे ठिकाण चालकाच्या यादीत आहे का, ते विचारावे. हा एक फोन न केल्यामुळे बस समोरून निघून गेल्याचे मी पाहिले आहे.

सोमवारी घरी पोहोचल्यावर डोळे न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावेत. अंगावरचे कपडे बाहेर झटकून मगच धुवायला टाकावेत. कानांत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर त्या दिवशी हेडफोन वापरू नये. तो आवाज मंगळवारपर्यंत राहिला किंवा एका कानाने कमी ऐकू येऊ लागले, तर वाट न पाहता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.